निर्व्याज

चौथ्या दिवशी बोलणी पाव टक्क्यावर अडकली.
मनामातल्या हॉटेलचा एकोणिसावा मजला,
टेबलाच्या एका अंगाला पैसा, दुसऱ्या अंगाला माती,
आणि टोकाला मी, इतिवृत्त लिहायला.

मुलुगेता साहेबांच्या देशाला समुद्र नाही.
त्यांना विमानतळ हवाय, चार धावपट्ट्यांचा.
"बंदर नाही म्हणून," ते म्हणाले,
"आम्ही आभाळाला धक्का बांधतोय."
दुभाष्याच्या तोंडून ते विनोदासारखं बाहेर आलं.
दोघंतिघं हसले. मुलुगेता थांबले, मग तेही हसले.

मला अरबी येत नाही.
म्हणजे येत नाही असं वाटायचं.
पण कान देऊन बसलं की
कर्ज, मुदत, रक्कम, हिशेब, बाकी, जामीन,
घसा जरा बसल्यासारखा, पण ओळखीचेच आवाज,
माझ्या वडिलांच्या वेंगुर्ल्याच्या पतपेढीतले,
दोऱ्याने बांधलेल्या फायलींत राहणारे.
कधीतरी खजुराच्या पोत्यांसोबत
याच बाजूने गलबतात बसून आले असतील
आणि परतीचं विसरले असतील.
एकच शब्द आमच्या घरचा: व्याज.
आणि नेमका तोच इथे चालत नाही.

मसुद्यात जिथे जिथे तो होता
तिथे लुल्वाने लाल शाईने लिहिलं, नफा.
आकडा तोच राहिला.
शून्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

लुल्वा म्हणजे मोती. खजिन्याकडून आलेली,
अबायाखाली पांढरे धावायचे बूट.
रात्री दीडला कॉफीच्या यंत्रापाशी ती म्हणाली,
"माझे पणजोबा बुड्या मारायचे.
हंगामाआधी नाखवा उचल द्यायचा,
हंगाम संपला की हिशेब.
ते गेले तेव्हा आजोबा अकरा वर्षांचे.
बाकी आजोबांच्या नावावर चढली.
नाकाची चिमटीसुद्धा तीच, कासवाच्या पाठीची."

"मग पाव टक्का?" मी विचारलं.

"तो माझा कुठे आहे?
मी नुसती वर दोरी धरून बसलेय."
कागदी कप चुरगाळून ती आत गेली
आणि तिने पाव टक्का सोडला नाही.

सुटलं ते दुसरंच.
पहाटे चार दहाला, कलम अकरा:
पहिला हप्ता सुरू होण्याआधीची वर्षं
पाचाची सात झाली.
कुणी सुचवलं ते इतिवृत्तात नाही.
'उभयपक्षी संमतीने' असं मी लिहिलं,
आणि लुल्वा तेव्हा बुटाची नाडी बांधत होती.

सातवीत असताना निबंधात मी लिहिलं होतं,
आईचं निर्व्याज प्रेम.
वडील चष्म्यावरून बघत म्हणाले,
"व्याज म्हणजे मुळात कपट. सोंग. निमित्त.
कोशात बघ.
पेढीत मात्र कुणापुढे बोलू नकोस."

सह्या झाल्या. पेनं ज्याची त्याने ठेवून घेतली.
शेवटचा हप्ता दोन हजार एकसष्ट सालचा.
मी सवयीने वजाबाकी केली:
तो भरणारा माणूस आज
शाळेचं दप्तर पाठीला लावून कुठेतरी निघाला असेल.

खाली आले तर मुलुगेता साहेब किनाऱ्यावर,
सुटाची विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
बूट हातात, मोजे बुटांत.
इथला समुद्र उथळ. शिवाय
पणजोबांचा होता तो भरावाखाली गेला,
त्याच्यावर हे हॉटेल आहे.
बरंच चालूनही पाणी त्यांच्या पोटऱ्यांच्या वर येईना.

त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं,
मग माझ्याकडे वळून,
परिशिष्टातला एखादा आकडा पडताळावा तसं विचारलं,
"सगळीकडे इतकाच खारट असतो?"

वेंगुर्ल्यात कधी चाखून पाहिला नव्हता.
मी म्हटलं, बघून सांगते.